ओट्यावरचा फोन

पुष्पलता नगरसेविका झाली तेव्हा पाड्यानं तिला ताई म्हणायला सुरुवात केली. पद गेलं, ताई तेवढं राहिलं. दारावरची निळी 'नगरसेविका' पाटीही राहिली. मुदत संपून किती काळ लोटला होता, तरी दर दिवाळीला ती पाटीवरून ओलं फडकं फिरवायची.

पद काही ती हरली म्हणून गेलं नव्हतं. निवडणूकच झाली नव्हती. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना वाघझरी लागतं. थोडी दुकानं, एक बँक आणि एसटीचा थांबा एवढ्या भांडवलावर ते शहर ठरलं, तिथं नगरपंचायत आली, आणि त्या ओघात डोंगरावरचा पुष्पलताचा पाडाही शहरात गेला. शहरात गेला म्हणून रोजगार हमीची कामं बंद पडली. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा असे पाडे पुन्हा ग्रामपंचायतीत घालायचं विधेयक मुंबईला मांडलं गेलं. मांडलं गेलं, एवढंच. अधिवेशनं आली नि गेली, विधेयकाचं घोंगडं तसंच भिजत पडलं. हद्द ठरेना म्हणून निवडणूक नाही, आणि निवडणूक नाही म्हणून खुर्चीवर प्रशासक. नगरपंचायतीत पाणी मागायला जावं तर ऐकायला यायचं, "तुम्ही आता आमच्यातून जाणार." तालुक्याला जावं तर, "तुम्ही अजून आमच्यात आलात कुठे?" अरे मेल्यांनो, तोवर माणसांनी प्यायचं काय?

पाड्यात फोनला रेंज एकाच जागी येते, वरच्या माळावर, वाघोबाच्या दगडापाशी. पद होतं तेव्हा पुष्पलता तिथं जाऊन फोन लावायची आणि कामं खरंच व्हायची. रस्त्याचे दिवे तिनंच आणले, बालवाडीवर पत्रा तिनंच घातला. पद गेल्यावर साहेबलोक फोन उचलेनासे झाले. माळावर चार माणसं नेहमीच बसलेली. त्यांच्यादेखत वाजून वाजून गप्प होणारा फोन कानाला धरून उभं राहायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग तिनं नवा मोबाइल घेतला आणि सांगून टाकलं, "याला घरी पण रेंज येते."

तेव्हापासून ती ओट्यावरूनच बोलायला लागली. "हॅलो, साहेब, पुष्पलता बोलतेय. अहो, आमच्या पाण्याचं काय?" मग थोडं थांबायची, पलीकडचं ऐकल्यासारखं करायची, कधी कधी तर हसायचीसुद्धा. पलीकडे कुणी नसायचं. बाया अंगणात उकिडव्या बसून ऐकायच्या आणि माना डोलवायच्या. पहिल्यांदा बोलताना तिचे कान तापले होते. पण खोट्याचीही सवय होते, तशी तिला झाली.

वैशाखात जिजाकाकीच्या चिमीचं लग्न धरलं. जिजाकाकी म्हणजे तिची चुलतसासू, शेजारच्याच घरातली. तोवर पाड्याची विहीर तळाला गेली होती. काकी ओट्याशी येऊन म्हणाली, "ताई, लग्नाला येक टँकर पायजे. वऱ्हाड येल, त्यानला पानी तरी द्याया पायजे ना."

"काळजी नको करू काकी. टँकर मांडवाशी उभा करते."

या वेळी ती फोनवर विसंबली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. ती दोन्ही कचेऱ्यांत जाऊन आली. दोन्हीकडे तीच दोन वाक्यं. वर एका कारकुनानं मान वर न करता विचारलं, "ताई, तुम्ही माजी ना?" तो एक शब्द घेऊन ती कचेरीच्या पायऱ्या उतरली.

घरी येऊन सरळ सांगायचं होतं, की टँकर येत नाही, दुसरं काही बघा. अजून वेळ होता. पण अंगणात काकी वाट बघत बसलेली दिसली आणि पुष्पलताचा हात आपोआप मोबाइलकडे गेला. "हॅलो साहेब. लग्नाच्या दिवशी सकाळीच ना? हो हो, चालेल." बोलताना तिला स्वतःची किळस आली. तरी ती बोलली.

लग्नाच्या सकाळी ती घरातून निघेना. डोकं दुखतंय म्हणावं, असंही मनात येऊन गेलं. शेवटी जरीकाठाचं लुगडं नेसून मांडवाशी गेली आणि थबकली. मांडवाच्या कडेला हंडे, कळशा, पिंप, सगळं काठोकाठ भरलेलं! क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. कुणा साहेबाला दया आली म्हणायची.

मग तिला कुंपणावर वाळत घातलेल्या, हंड्याखाली डोक्यावर घ्यायच्या चुंबळी दिसल्या. बायांच्या पायांवर ओहळातला चिखल घोट्यापर्यंत वाळलेला होता. दरीतल्या झऱ्यावरून पाणी वर आणलं होतं. एका सकाळचं काम नव्हतं ते. ती 'टँकर उभा करते' म्हणाली, त्या दिवसापासूनच बाया गुपचूप दरी चढत होत्या.

लग्नात मानाच्या माणसाचे पाय धुतात. जिजाकाकी तांब्या घेऊन तिच्यासमोर बसली. "पुष्पे, पाय पुढं कर." कित्येक वर्षांत तिला पुष्पे म्हणून कुणी हाक मारली नव्हती.

"काकी, टँकरचं मी... फोन केला होता गं मी," पुष्पलता पुटपुटली. अजूनही तेच!

काकीनं आजूबाजूला बघून आवाज उतरवला. "पुष्पे, तुझ्या ओट्यावर फोन कुनाचाच लागत नाय. आमाला पयल्या दिसापासून ठाव हाये."

धरणीनं पोटात घ्यावं असं पुष्पलताला झालं. "मग येऊन ऐकत का बसायच्यात?"

"आमचं गाऱ्हानं कुनी मोठ्यानं बोललं, का कानाला बरं लागं," काकी म्हणाली, आणि तिनं तांब्या कलता केला.

पुष्पलतानं पाय मागे घेतला नाही. घेतला असता, तर भर मांडवात काकीचा अपमान झाला असता. दरीतून डोक्यावर आणलेलं ते पाणी तिच्या पायांवरून ओघळून मातीत जिरत गेलं, आणि मान खाली घालून ती ते बघत उभी राहिली.