वरच्या खोलीचा वारा

अमेरिकेतल्या आमच्या या कॅरी गावात नवीन घर घेतलं की आमच्या मराठी लोकांत दोघांना बोलवायची पद्धत आहे. एक वास्तुशांतीचे गुरुजी आणि दुसरे शशिकांतकाका बेहेरे. गुरुजींची तारीख ते देतील तेव्हा. काकांचं तसं नव्हतं. फोन केला की दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर, हातात हत्यारांची पिशवी आणि शर्टाच्या खिशात उदबत्तीचा पुडा.

उदबत्ती देवासाठी नाही हो. ती पेटवून ते प्रत्येक खोलीत हवा सोडणाऱ्या जाळीसमोर, म्हणजे व्हेंटसमोर, धरायचे आणि धूर कुठे जातो, किती जोरात जातो ते बघत उभे राहायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाई नुकत्याच नागपूरहून आल्या होत्या. त्यांना वाटलं पूजाच चाललीय. पदर डोक्यावरून घेऊन त्या काकांच्या मागोमाग सगळ्या घरभर फिरल्या आणि शेवटी बाथरूमसमोरसुद्धा हात जोडले. काकांनीही त्यांना सांगितलं नाही, उलट जाताना नमस्कार केला.

इथली बरीच जुनी घरं इलेक्ट्रिक फर्नेसची. फर्नेस म्हणजे जिन्याखालच्या कपाटात उभा केलेला पत्र्याचा उंच डबा. थंडीत त्यातल्या तारा तापतात, उन्हाळ्यात त्याच डब्यावर बसवलेली एसीची कॉइल गार होते आणि दोन्ही वेळेला हवा ढकलणारा पंखा मात्र एकच. तो किती जोरात फिरवायचा, हे आतल्या बोर्डवरचे तांदळाएवढे स्विच ठरवतात. बसवणारी माणसं कायम घाईत. कारखान्यातून जसं येतं तसंच सोडून पुढच्या घरी पळतात. मग कुणाकडे वारा असा सुटतो की देवापुढचं निरांजन टिकत नाही. कुणाकडे घर गार होतं पण दमट राहतं आणि डब्यातले पापड मऊ पडतात. कुणाकडे वारा इतका कमी, की ऐन जुलैत कॉइलवर बर्फ धरतो. काका हे सगळं त्या तांदळाएवढ्या स्विचनी ठीक करायचे. मेकॅनिकल इंजिनिअर माणूस, औषधांच्या कारखान्यांतली हवा खेळवण्यात सगळी हयात गेलेली. रिटायर झाल्यावर घरात बसवेना.

पण डब्याचं झाकण उघडायच्या आधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा, "तुम्ही कुठे बसता?" दुपारी कोण कुठे बसतं, म्हातारं माणूस कुठल्या खोलीत झोपतं, पोरं अभ्यास कुठे करतात. यजमान मध्येच उत्तर द्यायला लागला तर त्याला थांबवायचे. म्हणायचे, त्या खोलीत जो बसतो त्याला विचारल्याशिवाय मी स्विचला हात लावत नाही. माझ्या सासूबाईंना त्यांनी खुर्ची ठेवून व्हेंटखाली बसवलं होतं आणि त्या "पुरे" म्हणेपर्यंत जिन्याखाली ये-जा केली होती.

एका गोष्टीवर मात्र ते चिडायचे. आपल्या लोकांना खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद करायची सवय इतकी हाडात मुरलेली असते, की रिकाम्या खोलीत गार हवा जातेय म्हटलं की जीव खालीवर होतो. मुलगा कॉलेजला गेला, ओढा त्याच्या खोलीतल्या व्हेंटचा खटका. पाहुणे गेले, ओढा. माझा नवरा सत्यजित यात पटाईत. काकांनी त्याला आमच्याच घरात आमच्यादेखत झापलं होतं. पंखा अख्ख्या घराच्या मापानं लावलाय, तू दोन खोल्यांची तोंडं दाबलीस तर ती हवा जाईल कुठे, असं म्हणून त्यांनी सगळे खटके स्वतः फिरून उघडले. घरातली एकही खोली बंद ठेवायची नाही, असा त्यांचा दंडकच होता.

आणि त्याच माणसाच्या घरात एक खोली बंद होती. आम्हाला हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, पण सांगते सगळं नीट.

काकांची एकुलती एक मुलगी सई. हुशार पोर, मेडिकल स्कूलला लागली तेव्हा काकांनी सगळ्या मराठी मंडळाला पेढे वाटले होते. दोन वर्षांनी तिनं ते अर्ध्यावर सोडलं आणि मैत्रिणीच्या कंपनीत काम करायला पार दुसऱ्या किनाऱ्यावर, सांता क्लाराला गेली. कुणाचं पोर असं वागलं तर बाप चिडणारच. मीही चिडले असते. पण काका जे बोलले ते नको होतं बोलायला. पूर्ण केल्याशिवाय या घरात पाय ठेवू नकोस, असं म्हणाले. सईही त्यांचीच मुलगी. तिनं पाय ठेवला नाही. दिवाळ्या आल्या-गेल्या, तिकडून फोन यायचा तो शोभाकाकूंना.

शोभाकाकू म्हणजे काकांची बायको, पण दोघांत सगळा फरक. काका बोलायचे, त्या ऐकायच्या. मंडळाच्या जेवणाला कोशिंबीर नेहमी त्यांची असायची, आणि कुणी कौतुक केलं की आज काकडी चांगली मिळाली म्हणायच्या. लेक दुरावल्याचं त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, अगं दोघंही तापट आहेत, निवतील.

काका निवले नाहीत. सईची खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेची. दुपारनंतर सगळं ऊन तिथेच. तिथे कुणी नाही तर हवा कशाला, असं त्यांनी ठरवलं. आता बाकीच्या मंडळींसारखा नुसता खटका ओढला असता तर एक वेळ चाललं असतं, तो कुणीही उघडला असता. पण ते पडले इंजिनिअर. व्हेंटची जाळी काढून आतल्या डक्टचं, म्हणजे हवेच्या नळाचं, तोंड चंदेरी टेपनं गच्च चिकटवलं, जाळी परत लावली, मग खाली येऊन तेवढ्या हवेपुरता पंखा एक पायरी कमी केला, उन्हाळ्याचाही आणि थंडीचाही. आवाज वाढला नाही, बर्फ धरला नाही, कुणाला काही कळायचं कारणच नाही. राग काढतानासुद्धा माणूस काम चोख करत होता.

मागच्या मे महिन्याच्या अखेरीस शोभाकाकू गेल्या. सकाळी स्वयंपाकघरात चहा गाळताना पडल्या, मेंदूत रक्तस्राव, हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याचा त्या खोलीतल्या उकाड्याशी काही संबंध नाही, डॉक्टरांनी काकांना दहादा सांगितलं, मीही सांगितलं. काकाही तसं कधी म्हणत नाहीत. त्यांचं दुःख वेगळंच आहे.

सई त्याच दिवशी निघाली आणि रात्रीपर्यंत पोहोचली. बाप-लेक दारात भेटले, रडले, पण बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वरण-भात घेऊन गेले तेव्हा तिची बॅग अजून दारातच होती आणि काका तिची मनधरणी करत होते. खालच्या खोलीत सामान ठेव, वर उकडतं, म्हणत होते. मला त्यांचा चेहरा बघवत नव्हता. बायको गेली होती, आता निदान मुलगी राहावी, चार दिवस तरी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ती उठून जाईल या धाकानं ते तिच्याशी परक्यासारखं जपून बोलत होते. सईनं ऐकलं नाही. मी माझ्याच खोलीत राहणार म्हणाली आणि बॅग घेऊन वर गेली.

थोड्या वेळानं तिनं वरून हाक मारली. काका गेले, त्यांच्यामागे मी. खोलीत भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. व्हेंटचा खटका पूर्ण उघडा होता, आणि खाली खिडकीशी एक खुर्ची होती, तिच्यासमोर स्टुलावर छोटा टेबलफॅन. तो फॅन काकांनी घरातल्या जुन्या वस्तूंबरोबर गराज सेलला विकायला काढला होता, विकला गेला असंच ते समजून होते. खुर्चीच्या हातावर एक नॅपकिन घडी करून ठेवलेला होता, आणि शेजारी काकूंचा जुना चष्मा.

काका त्या खुर्चीकडे बघतच राहिले. हे इथे कुणी आणलं, त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत.

सांगितलं सईनं. "आई रोज इथे बसायची, बाबा. दुपारी तुम्ही लोकांकडे जायचात ना, तेव्हा माझा लंच असायचा. या खुर्चीवरून व्हिडिओ कॉल करायची. मी म्हणायचे, किती घाम येतोय तुला, खाली जाऊन बस. तर म्हणायची, तुझ्या खोलीतून बोललं की तू घरी आल्यासारखी वाटतेस."

काका तसेच वळले. खाली जाऊन पिशवी आणली, स्टुलावरचा फॅन उतरवून स्टुलावर चढले आणि जाळीचे स्क्रू काढायला लागले. त्यांना थांबवावं असं मला वाटलं, कारण आत काहीतरी आहे हे त्यांच्या घाईवरून कळत होतं. पण मी कोण थांबवणार? जाळी निघाली. चंदेरी टेप दिसली, कडा नीट दाबून बसवलेल्या, कुठेही सुरकुती नाही. असलं काम कुणाचं हे सईला सांगावं लागलं नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ती मला सांगायची, बाबांनी सगळं घर नीट सेट केलंय, ही खोलीच लांब पडते, म्हणून वारा पोचत नाही."

बारावं-तेरावं होईपर्यंत सई राहिली. राहिली ती त्याच खोलीत, काकांनी टेप काढून, पंखा पुन्हा पूर्वीच्या पायरीवर आणून दिला होता. बापाशी वाईट वागली नाही, औषधं लावून दिली, फ्रीज भरून ठेवला. जाताना पाया पडली. परत कधी येणार हे तिनं सांगितलं नाही आणि काकांची विचारायची हिंमत झाली नाही. एअरपोर्टला सत्यजितनं सोडलं. म्हणाला, गाडीत सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतर काकांनी लोकांकडे जाणं बंद केलं. नवीन घरवाल्यांचे फोन येतात, ते गुडघ्यांचं कारण सांगतात. मंडळातल्या पोरांनी आता फोनवरचे व्हिडिओ बघून झाकणं उघडायला सुरुवात केलीय, आणि कोजागिरीला प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या घरचा वारा समजावून सांगत होता. काका आले नव्हते. मला त्या गप्पांचा इतका राग आला की मी दुधाचं पातेलं घेऊन आत निघून गेले.

परवा ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापलं होतं, दुपारी त्यांच्याकडे डबा द्यायला गेले. दार उघडंच होतं, हाक मारली तर वरून ओ आली. काका सईच्या खोलीत, त्याच खुर्चीवर. स्वेटर घातलेला, वर शाल, नाक लाल झालेलं. व्हेंट बरोबर डोक्यावर, आणि त्यातून गार हवेचा नुसता झोत सुटलेला. फोन मांडीवर. तिकडे लंचची वेळ झाली होती. सई करते कधी कधी, काका म्हणाले, गेल्या आठवड्यात केला होता. फॅन आणि नॅपकिन जिथल्या तिथे होते.

मला राहवलं नाही. काका, एवढ्या वाऱ्यात बसून न्यूमोनिया करून घ्यायचाय का, असं मी चांगलंच सुनावलं. आमच्या सासूबाईंना खुर्चीवर बसवून "पुरे" म्हणेपर्यंत फेऱ्या मारणारे तुम्ही, खाली जाऊन एक स्विच फिरवायला काय होतं, म्हटलं. त्यांनी मांडीवरचा फोन सरळ करून ठेवला. मग म्हणाले, "एकदा विचारलं होतं गं तुझ्या काकूनं. वरच्या खोलीत जरा वारा सोडता का, म्हणाली. मी पेपर वाचत होतो. तिथे कोण बसतं, म्हटलं. कुणी नाही, म्हणाली, आणि भाजी निवडायला गेली."

मी त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली. म्हटलं, बरं, मी खाली जाऊन कमी करते, तुम्ही फक्त कुठला स्विच ते सांगा.

"कमी करता येतो, उत्तरा," काका म्हणाले. "पण इथे जी बसायची तिला विचारल्याशिवाय कसा करू?"