साबणानं धुतलेली नळी

तीस वर्षं पुण्यात त्वचेची डॉक्टर म्हणून काढली. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून कोकणात सावर्ड्यापासून तासभर आत, डोंगरातल्या एका छोट्या रुग्णालयात महिनाभर बिनपगारी कामाला गेले. स्वच्छतेचा मला भारी सोस. एका सकाळी तपासणीच्या टेबलावरच्या काचेच्या नळ्या धुळकट दिसल्या, तर सगळ्या साबणानं घासून लख्ख केल्या. कुणाला विचारलं नाही. मला विचारायची सवयच नव्हती.

दुपारी काजूच्या बागेत बिया वेचणाऱ्या एका तरुण बाईला पायाला फुरसं चावलं. सासूनं तिला रिक्षात घालून आणलं. मोठे डॉक्टर आत बाळंतिणीच्या ऑपरेशनमध्ये. बाहेर मी आणि तिथं पंधरा वर्षं काम केलेल्या सिस्टर.

या सापाचं विष भिनलं की रक्त गोठत नाही. म्हणून काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही आणि मग नळी कलती करून पाहायची. सासू दारातच उभी. "बाय, वाचंल ना ओ ती? लेक माजा मुंबयला, त्येला काय सांगू मी?"

वीस मिनिटांनी नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. "सिस्टर, विषावरचं इंजेक्शन काढा!" मी जवळजवळ ओरडलेच.

सिस्टरांनी इंजेक्शन काढून जवळ ठेवलं, पण भरलं नाही. आधी सुनेच्या हिरड्या पाहिल्या, पाय पाहिला. सूज जेमतेम, रक्त कुठूनच येत नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, नळ्या कुणी धुतल्या?"

"मी. साबणानं."

"साबण राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही. आणि या इंजेक्शननं एखाद्याचा श्वास कोंडतो." रागावल्या मुळीच नाहीत. कपाटातल्या खोक्यातून कोरी नळी काढून त्यांनी सुनेचं रक्त घेतलं आणि स्वतःचा हात माझ्यापुढे केला. "माझं घ्या, तुम्ही धुतलेल्या नळीत."

देवाधर्माची मी नव्हे, पण पुढच्या वीस मिनिटांत हेदवीच्या गणपतीला नारळ बोलून बसले.

सुनेचं रक्त घट्ट गोठलं होतं. सिस्टरांचं पातळच. म्हणजे विष भिनलंच नव्हतं, दोष माझ्या साबणाचा होता.

एक दिवस ठेवून पुन्हा पुन्हा तपासलं आणि मग सून आपल्या पायांनी घरी निघाली. सासू थेट माझ्याकडे आली. "तुमी दोनदोनदा तपासलात, सिस्टरबाय सांगत व्हती. देव तुमचं भलं करो." सिस्टरांनी माझी चूक पोटात घातली होती. मला ते सोसवेना.

"अहो, मीच चुकले होते. तुमच्या सुनेला यांनी सांभाळलं."

"चुकले म्हननारी डाक्टरीण मी पयल्यांदाच बगतंय," सासू म्हणाली आणि सिस्टरांच्या पाया पडली. सिस्टर माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तरी तिच्यामागोमाग मीही वाकले.