उज्ज्वलामागची झील

उज्ज्वलाला ठाण्याच्या दवाखान्यात बाईचा गळा बसवलाय, अशी आवई सूर्यमाळच्या पाड्यांवर उठली होती. कुणी म्हणे, रेडिओवर गाणाऱ्या बाईचा गळा आहे. कुणी म्हणे, गळा नवा पण मान जुनीच, म्हणून ती पदर मानेभोवती घट्ट घेते, टाके दिसू नयेत. मोखाड्याच्या बाजारात कांदे विकणारी एक बाई तर शपथेवर सांगे की ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांची रांग उभी होती आणि त्यातला एक रडला. का रडला, हे मात्र तिला सांगता येत नसे.

ह्यातलं खरं एवढंच, की उज्ज्वला अधूनमधून ठाण्याला डॉक्टरकडे जाते आणि गोळ्या घेते. गोळ्यांनी अंगात जो फरक पडायचा तो पडला. आवाज त्यांनी बदलत नाही, आणि तिच्या गळ्याला कुणी कात्री लावलेली नाही. आश्रमशाळेत पोरांचे आवाज फुटतात तसा तिचाही फुटला होता, तोच तो जाड, घोगरा गळा. पदर ती मानेभोवती घेते, कारण सूर्यमाळवर सकाळचा वारा बोचतो. बाकीच्या बायाही घेतात. त्यांचे टाके कुणी शोधत नाही.

पण त्या घोगऱ्या गळ्यावर जळून कोळसा झालेली एक पोर पाड्यात होती. रविना. उज्ज्वलाच्या काकाची धाकटी मुलगी, यंदा अकरावीला.

रविनाच्या कानात एकदा आवाज शिरला की तोंडातून बाहेर आलाच पाहिजे. एसटीचा कंडक्टर कसा म्हणतो, "मागं सरा की, मागं काय वाघ बसलाय?" ग्रामसेवक प्रत्येक प्रश्नाला कसा आधी खाकरतो, मग "त्याचं असं आहे" म्हणतो आणि मग काहीच सांगत नाही. बाबल्याकाकाची शिंक कशी तीन पायऱ्या चढते आणि चौथीवर अडकते. हे सगळं ती अशी करून दाखवी की पाण्याच्या रांगेतल्या बायांचे हंडे हिंदकळत. अख्ख्या पाड्यात हसवायला एकच माणूस होतं, आणि ते आपण, ह्यात रविनाला शंका नव्हती.

उज्ज्वला परत आली, बाया तिच्या चिडवाचिडवीच्या गाण्यांवर हसू लागल्या, आणि हे बिघडलं.

ती वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेली, तिथून ठाण्याला एका जेवणाच्या डब्यांच्या कामावर राहिली, आणि वडील गेल्यावर आईसाठी पाड्यावर परतली ती साडी नेसून, उज्ज्वला होऊन. पहिले काही महिने लोक तिच्या दारावरून जाताना हळू चालत. मग तिने नागली पेरली, कापली, पापड लाटून बाजारात नेले, आणि लोक पापड किती खारट आहेत यावर बोलू लागले. पाड्याची सवय अशीच होते. तिचं जुनं नाव आपोआप मागे पडलं.

गाणी मात्र ती लहानपणापासूनच म्हणत होती. आवणीच्या वेळी बाया वाकून भाताची रोपं लावत तेव्हा ती त्यांच्या ओळीत शिरे, आणि लग्नात पुढे बसून गाणाऱ्या म्हाताऱ्या तुळशीमावशीच्या मागे बसून झील धरी, म्हणजे मावशीने ओळ टाकली की मागच्या बायांबरोबर तीच ओळ परत म्हणे. कुणीतरी तिला पोरगा म्हणून उठवून बाहेर पाठवी. ती मांडवाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत येऊन बसे. उज्ज्वला एकदा रविनाला म्हणाली होती की तेव्हा घरातनं हाकलल्यासारखं वाटायचं, आणि आपल्याच घरात चोरून शिरावं लागतंय ह्याचा रागही यायचा. रविनाने ते ऐकलं आणि तिला उज्ज्वलाची कीव यायच्या ऐवजी तिचा हेवाच वाटला. आपल्याला कुणीच कुठून हाकललं नाही. मग सांगायला आपल्याकडे काय आहे?

आता तुळशीमावशीचा आवाज बसला होता, आणि तिची सगळी गाणी उज्ज्वलाकडे गेली होती. तोही घाव रविनाने गिळला असता. पण मोठ्या बहिणीचं, वर्षाचं लग्न ठरलं, आणि मांडवात पुढे बसून गाणं कोण उचलणार असं निघालं, तेव्हा वर्षा म्हणाली, "उजाताय."

सख्खी बहीण समोर असताना.

रविनाने विचारलं, मी का नाय. वर्षा हसून म्हणाली की तू गातेस तेव्हा तुळशीमावशीच्या आवाजात गातेस, तिच्या खोकल्यासकट, माझ्या लग्नात लोकांनी रडायचंय गो, पोट धरून पडायचं नाय. सगळ्या हसल्या. त्यातही उज्ज्वलाचं घोगरं हसू सगळ्यात खाली, ढोलासारखं. रविनाने त्या दिवशी ताटातली भाकर अर्धी टाकली.

पुढच्याच आठवड्यात दोन्हीकडच्या बाया लग्नाचे कपडे घ्यायला जव्हारला जमल्या. बांगड्यांच्या दुकानात दुकानवाली फिरदौसचाची एकेकीचा हात ओढून घेई आणि म्हणे, "हाथ ढीला छोड, बेटा, बांगडी हाय, बेडी नाय." उज्ज्वलाचा हात आला. चाचीने तो उलटासुलटा पाहिला, पंजा मोठा आहे म्हणून मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या, आणि तेच वाक्य त्याच सुरात म्हणाली. बस. रविनाला वाटलं होतं, निदान चाची तरी अडखळेल. चाची अडखळली नाहीच, उलट म्हणाली की ह्या हाताला हिरवा काय खुलतो. रविनाच्या हाताबद्दल काहीच म्हणाली नाही.

रविना तिथून उठली आणि कापडाच्या दुकानात जाऊन नवऱ्या मुलाच्या मावशीजवळ बसली. ह्या मावशीचं नाव धाकली. तिकडच्या मांडवात गाणं उचलणारी तीच. तोंडाची अशी की जव्हारच्या बाजारात भाव तिला पाहूनच उतरत. रविनाने तिला उज्ज्वला करून दाखवली. मोबाइलवर पाहिलेली टाळी मारली, कंबर उडवली, आवाज घशाच्या तळातून काढला. धाकली हसून लोळली. मग रविनाने आवाज बारीक केला आणि जुनं नावही सांगून टाकलं.

खरं तर उज्ज्वला टाळी मारत नाही, कंबरही उडवत नाही. टाळीवाल्या किन्नरांच्या घरी ती ठाण्यात आजारपणात राहिली होती, त्यांनी तिला पेज भरवली होती, त्यामुळे त्यांच्या टाळीवर कुणी हसलं की ती उठून जाते. रविनाला हे माहीत होतं. तिच्या कानाला तर जास्तच माहीत होतं. उज्ज्वलाचा खरा आवाज तिने कधी काढलाच नव्हता. तो टाळीशिवाय काढला असता तर त्यात हसायला काही उरलं नसतं.

लग्नाच्या सकाळी मांडवाला जांभळीचे टहाळे बांधले जात होते. उज्ज्वला हिरव्या बांगड्या वर सरकवून तांदूळ निवडत होती, आणि रविना तिच्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, त्यांच्याकडची धाकली मोठी खमकी हाय हां, एका गाण्यात तुला मांडवातनं उठवील.

"उठवू दे की," उज्ज्वला म्हणाली.

"पैज?"

उज्ज्वलाने सूप खाली ठेवलं. "मी उठले, तर पाऊस लागेपर्यंत तुझं पाणी मी भरीन. बसून राहिले आणि बायांनी माझी झील धरली, तर माझं तू भरायचं."

वैशाखात सूर्यमाळला पाण्याची पैज लावणं म्हणजे काय, हे विहीर उतरून चढणाऱ्यालाच कळतं. रविना तरीही हो म्हणाली. तिने दारूगोळा आधीच पोचवला होता.

दुपारी वऱ्हाड आलं. दोन्हीकडच्या बाया मांडवात समोरासमोर बसल्या. तिकडून धाकली, इकडून उज्ज्वला, तिच्या शेजारी तुळशीमावशी पान कुटत, आणि मागच्या ओळीत रविना. आपल्याकडे लग्नात बाया एकमेकींना गाण्यातून चिडवतात. त्याला कसलाच धरबंध नाही. सासू कंजूष निघते, करवली कावळी निघते. नियम दोनच. जिच्यावर गाणं आलं तिनंच उत्तर द्यायचं. आणि गाणं बाईनं बाईवरच टाकायचं. पुरुषाला गाण्यात धरलं तर धरणारी बाजू हरली, तिनं तोंड मिटून जेवायला बसायचं.

आधी भातावरून बारीकसारीक कुरापती झाल्या. मग धाकलीने पदर खोचला, रविनाकडे बघून एक डोळा मिचकावला, आणि उचललं:

"जांभळीच्या मांडवात घोगरा गं कोण?
रूपेश नेसला लुगडी गं दोन!"

तिकडच्या बायांनी झील धरली. लाकडं फोडणारा बाबल्याकाका कुऱ्हाड वर धरूनच थांबला. वर्षा नवरीच्या पाटावरून उठू लागली तर तिला कुणीतरी खाली दाबलं. सगळ्यांना कळत होतं की आता उज्ज्वला उठून गेली, तर ती नुसती ह्याच मांडवातून जाणार नाही, पुढच्या प्रत्येक मांडवातून जाईल. लहानपणी वळसा घालून परत येता आलं होतं. आता वळसा नव्हता.

रविनाला वाटलं होतं, ह्या घटकेला आपल्याला बरं वाटेल. तिने बरं वाटायची वाट पाहिली.

उज्ज्वलाने बांगड्या मनगटावर उतरवल्या. ती रागावलेली दिसत नव्हती. भावात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी ती धाकलीकडे बघत होती.

"मावशी, एक सांग," ती साध्या आवाजात म्हणाली. "तू गाण्यात धरलंस ते बाप्याला का बाईला? बाप्याला असंल तर तुम्ही हरलात, पानं वाढायला घेते. बाईला असंल तर उत्तर माझं हाय."

धाकलीने तुळशीमावशीकडे पाहिलं. मावशीने पान कुटणं थांबवलं नाही, नुसती मान हलवली: नियम म्हणजे नियम. धाकलीच्या मागच्या बायांत कुजबुज झाली. एक म्हणाली बाप्याच म्हण, दुसरी तिला चिमटा काढून म्हणाली, मग हरतो ना आपण, येड्ये. धाकली आजवर कुठल्याच मांडवात हरली नव्हती, आणि ह्या डोंगरावरच्या पाड्यात येऊन तर हरणार नव्हती.

"बाईलाच धरलंय," ती फणकारली. "दे उत्तर, असंल तर."

आणि उज्ज्वलाने उचललं. खालून, घोगऱ्या गळ्याने, भरल्या घागरीत बोलावं तसं:

"जुनं माझं नाव मी टाकलं उकिरड्यात,
धाकली वेचून बांधते गं पदरात!"

ओळ टाकून झाली. तिकडच्या बायांना हसू येत होतं पण हसायची चोरी. इकडच्या बाया एकमेकींकडे पाहत होत्या, कोण आधी धरतंय म्हणून. झील आली नाही तर ओळ मेली. उज्ज्वलाने हनुवटी वर धरली होती, पण पदराच्या टोकाला तिच्या बोटांनी पीळ घातलेला रविनाला मागून दिसत होता.

रविना शपथेवर सांगते की तिने काही ठरवलं नव्हतं. आवाज कानात शिरला होता, एवढंच. इतका जाड, इतका नवा आवाज इतक्या जवळून. आणि तिचं तोंड उघडलं.

"धाकली वेचून बांधते गं पदरात."

हुबेहूब. टाळी नाही, कंबर नाही, नक्कल कसली तीही नाही. तोच घोगरेपणा, तोच शेवटाला थोडा लांबवलेला सूर, मांडवाच्या मागच्या ओळीतून परत आला. एक क्षण बायांना वाटलं उज्ज्वलाच दोनदा बोलली. मग तुळशीमावशीने बसक्या आवाजात धरली, मग वर्षाने पाटावरून, नवरीने गाऊ नये तरी, आणि मग सगळ्यांनी. तिकडच्या दोघीतिघींनीही धरली. धाकलीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पदर तोंडात कोंबले.

जेवणं झाल्यावर धाकली स्वतः उज्ज्वलाशेजारी येऊन बसली आणि आपल्या दुसऱ्या भाच्याच्या लग्नाला गाणं उचलायला येशील का विचारू लागली. रविना पत्रावळी उचलत तिथून दोनदा गेली. तिला कुणी काही विचारलं नाही.

हात धुताना उज्ज्वला तिच्या शेजारी आली. "धाकलीला उकिरडा कुणी दाखवला, ते मी विचारत नाय," ती म्हणाली. रविनाची मान खाली गेली. तेवढ्यात उज्ज्वलाने पुढचं सांगितलं: "उद्या पहाटे ये. दोन हंडे हायेत माझ्याकडे, आनि एक कळशी."

तेव्हापासून रविना विहिरीवर दोन घरांचं पाणी भरते. रांगेतल्या बाया विचारतात, काय गो, पैज कशी हरलीस, सांग ना, आणि ती सांगते, धाकलीसकट, तुळशीमावशीच्या कुटण्यासकट, फक्त एक डोळा मिचकावल्याचं गाळून. उज्ज्वलाचा आवाज काढायची पाळी येते तेव्हा कुणी हसत नाही, ऐकतात.

परवा चढण चढून हंडा टेकवल्यावर रविनाने वैतागून विचारलं, एवढं पाणी तुला लागतं तरी कशाला?

"केस धुवायचेत," उज्ज्वला म्हणाली, आणि तिने अंबाडा सोडला. केस कंबरेपर्यंत आले. रविनाचे उंदराच्या शेपटीएवढे होते, आणि तेही फुटलेले. ती कळशी उचलून पुन्हा विहिरीकडे उतरू लागली.