शांतवनाचा कान

शांतवन पाण्यातलं मीठ कानानं ऐकायचा. हे सांगितलं की लोक हसत, आणि ते हसणं त्याला आवडायचं. बेलापूर रोडजवळच्या पाटाच्या एका कचेरीत तो विहिरींचं पाणी तपासायला होता, आणि तिथं यंत्र होतं. बाटलीतल्या पाण्यात धातूचे दोन इवलेसे पत्रे सोडायचे, वीज जोडायची, की कानाच्या रिसीव्हरात गुणगुण येई. मग चकती फिरवायची. गुणगुण जिथं थांबेल, त्या आकड्यावरून पाण्यातलं मीठ कळे. खाऱ्या पाण्यातून वीज सहज जाते, गोड्यातून रखडत, एवढंच शास्त्र. मिशनच्या शाळेत पेटीवर तयार झालेला त्याचा कान असा, की कचेरीच्या साहेबाला सगळं मुकं वाटे तिथंही त्याला ऐकू येई. "यंत्रापेक्षा तुझा कान महाग," असं साहेब एकदा म्हणाला, आणि ते वाक्य त्यानं बायकोला, मरियाला, इतक्यांदा ऐकवलं की ती ताट वाढून उठून जायची.

सन त्रेचाळीसच्या दिवाळीत हिवतापानं त्याला लोळवलं. दवाखान्यातलं कोयनेल, म्हणजे क्विनीन, मूठमूठ पोटात गेलं. ताप गेला, पण जाताना कान घेऊन गेला. डोक्यात रातकिडे बसले ते उठेनात. साहेबाला सांगावं तर नोकरी जाणार. शांतवनानं तोंड शिवलं. मला त्याचा संताप येतो, आणि घरात दोन लेकरं असलेल्या माणसावर तो फार वेळ धरवतही नाही.

चकती तो नेहमी गोड्याच्या बाजूनं आणायचा. आता गुणगुण नुसती बारीक झाली तरी त्याला थांबलीच वाटे. खरा आकडा पुढं राही आणि हा अलीकडेच लिहून मोकळा होई, म्हणजे खारं पाणीही कागदावर गोडं ठरे.

अशात नेवाशाकडची भागूबाई नव्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन आली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. असलेल्या जमिनीत मोसंबी लावायची तिनं मनाशी धरली होती.

"जरा मचूळ लागतंय रं, शांतवना. लावू का नको?"

"मावशी, जिभेला काय कळतंय? यंत्र गोडं म्हनतंय. लावा बिनघोर."

शिक्क्याचा कागद घेऊन ती गेली आणि तिनं दोनशे रोपं लावली.

दुसऱ्या उन्हाळ्यात पानं कडेनं करपली, आळ्यात पांढरं मीठ फुललं, आणि एकेक करून झाडं वाळली. भागूबाई पुन्हा बाटली घेऊन आली. भांडायला नव्हे. तेच तर वाईट झालं.

"माझंच कायतरी चुकलं आसंल. खत जादा झालं का? पुन्यांदा ऐक बाबा."

शांतवनानं रिसीव्हर लावला, चकती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. रातकिड्यांशिवाय काही नाही. त्याला रडू आलं.

"मावशी, मला ऐकू येत न्हाई. तवाबी येत नव्हतं."

भागूबाईनं बाटली उचलून पदराआड धरली. मग म्हणाली, "आन् बाकीच्यांच्या हिरी?"

त्यानं उठून तडक साहेबाला सांगितलं. नोकरी त्याच दिवशी गेली. फेरतपासणीचा कागद साहेबानं वर पाठवला आणि तो वरच राहिला. तापानंतर शांतवनानं एकसष्ट विहिरी तपासल्या होत्या. त्या गावांची नावं लिहून घेऊन तो पायी निघाला.

तिसऱ्याच गावी सूर्यभान नावाचा शेतकरी मोसंबीसाठी खड्डे खणवत होता. शांतवन हात जोडून म्हणाला, "थांबा. तुमचं पानी खारं आसंल. मी चुकीचं लिव्हलंय."

सूर्यभानानं कोपरीतून कागद काढला. "ह्यो सरकारी शिक्का खोटा व्हय?"

"त्याखाली सही माझीच हाय."

"तवा तू सरकारी मानूस हुतास. आता कोन हाईस?"

सूर्यभानानं कागदाची नीट घडी घालून तो खिशात ठेवला आणि गड्यांना पुढचा खड्डा दाखवला.