निझवाचं पाणी आणि आमचं निर्माल्य

गेल्या थंडीत आम्ही मस्कतहून निझवाला गेलो होतो. त्या दिवसाची आठवण निघाली की आजही माझे कान तापतात. खरं म्हणजे काम माझ्या मुलीचं होतं. मी, नवरा आणि गावाहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, आम्ही तिघं तिच्या मागे लागून गाडीत बसलो. आमंत्रण नसताना जेवायला जावं, तसंच ते.

मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. जन्म मस्कतचा, शाळा मस्कतची, मराठी बोलते ती अडखळत. निझवात एक ओमानी बाई जुन्या मातीच्या घरांची डागडुजी करतात. त्यांना घरांची मोजमापं घ्यायला आणि नकाशे काढायला कुणीतरी हवं होतं. त्यांनी मुलीला भेटायला बोलावलं होतं. हे काम मिळालं तर ती इथे राहणार, नाही मिळालं तर पुण्याला मावशीकडे राहून नोकरी शोधणार, असं घरात ठरलं होतं. पुणे तिला फक्त सुट्टीतलं माहीत. त्या आठवड्यात तिला धड जेवण जात नव्हतं.

तरी आमचे हे म्हणाले, एवढी वर्षं ओमानमध्ये काढली, आईला मॉलशिवाय काही दाखवलं नाही, आपणही जाऊ. पोरीचा चेहरा पडला. मग तिने आम्हाला नियम सांगितले. आपण वेगवेगळं फिरायचं, तिची भेट आटपली की ती फोन करेल, तोवर तिला हाक मारायची नाही. माझं डोकंच फिरलं. आम्ही काय सर्कस आहोत का, असं मी विचारलं. ती म्हणाली तसं नाही आई, ते प्रोफेशनल दिसत नाही. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसाठी थालीपीठं बांधून घेतली. मी अशीच आहे.

सासूबाईंना मात्र नातीने फार सुंदर वर्णन करून सांगितलं होतं. आजी, तिथे डोंगरातून पाणी आणलंय, छोट्या छोट्या कालव्यांनी ते सगळ्या गावातून वाहतं, घरांच्या बाजूने, मशिदीपाशी, खजुरांच्या बागेत, शेकडो वर्षं वाहतंय. त्या कालव्याला इथे फलज म्हणतात. सासूबाई ऐकतच राहिल्या. त्यांच्या चिपळूणकडच्या घरामागून वहाळ जातो. आमच्या मस्कतमधल्या अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून नळ सोडून त्यांनी वाहतं पाणी पाहिलं नव्हतं. मला तेव्हा यात काही खटकलं नाही, आणि खटकायला हवं होतं.

निझवाला पोचल्यावर पोरगी गाडीतून उतरली, केस सारखे केले आणि मागे न बघता गेली. आम्ही किल्ला बघायला निघालो. तो गोल बुरूज मी मान वर करून बघतच राहिले. एवढा मोठा, मातीच्या रंगाचा, आणि वर गेलं की सगळं गाव पायाशी, खजुराच्या झाडांचा हिरवा समुद्र आणि पलीकडे बोडके डोंगर. सासूबाई गुडघे धरत धरत वर आल्या. दरवाजांवर वरून उकळता खजुराचा पाक शत्रूवर ओतायला भोकं ठेवलेली आहेत. ते यांनी समजावून सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, एवढी काकवी फुकट घालवायची म्हणजे काय. आम्ही दोघं पोट धरून हसलो. एका जुन्या घरात छताच्या तुळया रंगवलेल्या होत्या, लाल काळी वेलबुट्टी, आणि दारांवर असलं कोरीवकाम की हात फिरवल्याशिवाय राहवेना. माझी पोर या सगळ्याची मापं घेणार या विचाराने माझा राग उतरला. मनात म्हटलं, देवा, हे तिला मिळू दे.

मग यांना हलवा घ्यायचा होता. ते बाजारात गेले आणि आम्ही दोघी जुन्या वस्तीतल्या गल्लीत शिरलो. तिथे फलज भेटला. हातभर रुंद कालवा, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे खडे मोजावेत, आणि त्यात बोटाएवढे मासे. एका ठिकाणी दोन पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची सोय होती. एक ओमानी बाई तिथे कॅन भरून घेत होती. तिचं झालं आणि ती निघून गेली. मी दुसऱ्या बाजूला एका दाराचा फोटो काढायला वळले.

परत वळले तेव्हा सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. पदर डोक्यावर, हात जोडलेले. आणि पाण्यावरून झेंडू चालला होता.

आमच्या बाल्कनीत एक पिशवी होती. रोजच्या पूजेतली फुलं, दूर्वा, तुळस, कापसाची वस्त्रं, सगळं सासूबाई त्यात साठवायच्या. देवाचं निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात जायचं नाही, वाहत्या पाण्यात सोडायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. मस्कतमध्येच दार्सैतला देऊळ आहे, तिथे नेऊन देऊ, असं मी त्यांना महिनाभर म्हणत होते आणि मला गाडी काढायला सवड होत नव्हती. ती पिशवी त्यांनी पर्समध्ये घालून आणली होती. नातीने सांगितलं होतं ना, वाहतं पाणी आहे.

मी धावले. फुलं अडवायला हात घातला तर कुंकू विरघळून माझ्या बोटांभोवतीचं पाणी लाल झालं. तेवढ्यात पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले एक म्हातारे गृहस्थ गल्लीतून आले. फलजची देखरेख तेच करत असावेत, कारण त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं आणि मग आमच्याकडे. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाह्या वर करून ते खाली बसले आणि एकेक फूल वेचून काठावर ठेवायला लागले. मी एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर काम करते, अरबी मला कामापुरती येते. माफ करा म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि हळू आवाजात सांगितलं, की या पायरीवर गाव प्यायला पाणी भरतं. मशीद खाली आहे, त्यानंतर अंघोळीची जागा, मग बागा. इथे वर कुणी बोटसुद्धा बुडवत नाही. माझा हात अजून कोपरापर्यंत पाण्यात होता. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तो सगळा संताप मी सासूबाईंवर काढला. दातओठ खाऊन त्यांना म्हटलं, अक्कल आहे का, लोकांचं प्यायचं पाणी आहे हे. जन्मात मी त्यांना असं बोलले नव्हते. वहाळाला असं काही नसतं, असं काहीतरी पुटपुटल्या.

नेमकी तेव्हाच गल्लीच्या टोकाशी माझी पोर आली, तिला भेटायला बोलावणाऱ्या त्या बाईंच्या बरोबर. हातात मोजपट्टी, गळ्यात कॅमेरा, हसत होती. तिने आम्हाला पाहिलं, काठावरची फुलं पाहिली आणि तिचं हसू तिथेच विझलं.

म्हाताऱ्यांनी बाईंना अरबीत काय झालं ते सांगितलं. बाई शांत होत्या, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मुलीला इंग्रजीत विचारलं, हे लोक तुझ्या देशाचे दिसतात, तू यांना ओळखतेस का?

पोरीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"नाही," ती म्हणाली.

मग बाई म्हणाल्या, बरं, पण तुला यांची भाषा येत असेल, यांना जरा नीट समजावून सांग. आणि माझी मुलगी पुढे आली. जिला सासूबाईंनी तेल लावून अंघोळ घातली, जिच्या पहिल्या वर्षी त्या सहा महिने आमच्याकडे राहून तिला मांडीवर घेऊन बसल्या, ती त्यांच्यासमोर उभी राहून हिंदीत बोलायला लागली. मराठीत नाही, हिंदीत.

"आंटीजी, ये पीने का पानी है। आप यहाँ फूल मत डालिए।"

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, अगो बाय, हे काय. मी डोळे मिटून घेतले. पण त्यांनी हात जोडले, नातीला आणि बाईंना मिळून, आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "गलती झाला, बेटी. माफ करो."

आणि मी? बाईंनी मला विचारलं, तुम्ही इथे फिरायला आलात का. मी हो म्हटलं, टुरिस्ट. ओमानमध्ये पोर जन्माला घालून मी टुरिस्ट झाले. समोरून हे हलव्याचा डबा घेऊन येत होते, पोरीला बघून त्यांचं तोंड उघडलं, तर मी धावत जाऊन त्यांचं कोपर असं दाबलं की ते गप्पच झाले. म्हाताऱ्या गृहस्थांनी ओली फुलं नीट गोळा करून पिशवीत भरली आणि ती दोन्ही हातांनी सासूबाईंना परत दिली. त्यांना ती देवाची आहेत हे कळलं असणार. त्या सगळ्या गल्लीत सासूबाईंच्या देवाला मान देणारा तो एकटाच माणूस होता.

पाच मिनिटांनी मोबाइलवर मेसेज आला. तुम्ही निघा, मला मॅडम मस्कतला सोडणार आहेत, सॉरी आई. अर्थातच. आम्हाला ओळखतच नव्हती म्हटल्यावर ती आमच्या गाडीत बसणार कशी?

परतीच्या वाटेवर यांनी एकदा काय झालं ते विचारलं, मी नंतर सांगते म्हटलं. मागे माझ्या बाजूची पोरीची सीट रिकामी होती. मला पोरीचा राग यायला हवा होता, तो येत नव्हता. ती नाही म्हणाली तेव्हा मला आधी काय वाटलं ते मला माहीत आहे. मला हायसं वाटलं होतं. वाटलं होतं, सुटलो, तिचं काम वाचलं. ही गोष्ट मी अजून नवऱ्यालाही सांगितलेली नाही. थालीपीठं तशीच परत आली.

पोरगी घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. काम मिळालं, एवढंच म्हणाली आणि दारातच उभी राहिली. मी पाणी आणायला आत वळले, कारण तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. सासूबाई देवासमोर वात लावत होत्या. त्या लगबगीने उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून तिच्यापर्यंत गेल्या आणि तिचे दोन्ही हात धरले.

"ती बाई तुला काही बोलली नाही ना गो? माझ्यापायी तुझं काही बिघडलं नाही ना?"

"नाही आजी. तिला... तिला माहीत नाही. तू माझी आजी आहे ते."

सासूबाईंनी जोरात श्वास सोडला. दुपारपासून तो त्यांनी धरून ठेवला होता, असं मला वाटलं.

"बरं केलंस बाय. हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "मीपण तिथे काही बोलले नाही, बघितलंस ना? आता तसंच राहू दे. आणि ती कधी घरी येणार असली तर मला आधी सांग हो. मी आतल्या खोलीत जाऊन बसेन."