हात उचलायचा न्हाई

पहिल्याच सकाळी तिनं माझा दात पाडला. पाणी पाजायला म्हणून मी तांब्या पुढं केला, तर तोच हिसकून माझ्या तोंडावर हाणला. मी रक्त गिळलं, दात मोरीत थुंकला आणि गप बसले. मला गप बसायला किती जड जातंय ते माझं मलाच ठाऊक. माझ्या तोंडावर हाणून आजवर कुणी धड परत गेलं नव्हतं. नवरासुद्धा न्हाई.

पण आमच्या घराचा नियमच तसा होता. हुलसूरच्या पुढं रस्त्याच्या कडंला एक बंद पडलेली डाळमिल हाय. तिच्या गोदामात आमचं 'खालचं घर'. ज्यांना कुणी दारात उभं करत न्हाई अशा पिणाऱ्या बाया तिथं नशा सोडायला येतात. नवी बाई आली की तिला खाटेला बांधत न्हाईत, जुन्या बाईला बांधतात. लुगड्याची पट्टी फाडायची, एक टोक नवीच्या मनगटाला, दुसरं जुनीच्या. पाच दिवस खाणं, झोपणं, मोरीला जाणं, सगळं जोडीनं. नवी मारील, चावील, थुंकील. जुनीनं कुणावरच हात उचलायचा न्हाई. उचलला की तिचं वरचं घर गेलं.

वरचं घर म्हणजे गावातल्या तीन खोल्या. सुधारलेल्या बायांनी तिथं राहायचं, गावातल्या चालू डाळमिलीत न्हाईतर कुणाच्या दुकानात कामाला जायचं, हळूहळू माणसांत यायचं. एकीला एक खोली, आणि खोलीला आतून कडी. मी चार वर्षं बसस्टँडच्या फरशीवर काढली होती, चप्पल उशाखाली आणि एक डोळा उघडा. कोण कधी अंगावर येईल त्याचा नेम नसायचा. मला ती आतली कडी पाहिजे होती. बाकी देवाधर्माचं, सुधारण्याचं मला काही सांगू नका. येत्या सोमवारी ती खोली माझी होणार होती. मधी फक्त ही एक बाई निभवायची होती.

मी मूळची निंबर्ग्याकडची. लग्न होऊन इकडं आले आणि शिंदीला लागले. या भागात बाया शिंदी पितात, त्यात लपवायचं काय! रानातून आलं की अंग मोडून निघालेलं असतंय, एक बाटली प्यायची आणि पडायचं. पण ही झाडाची शिंदी न्हाई. पाण्यात पावडर कालवून केलेली, पांढरी फटक. ती सुटत न्हाई. एक दिवस मिळाली न्हाई तर मान वाकडी होती, जीभ आत ओढती, भिंतीवर माणसं दिसायला लागतात. नवरा मारायचा, मीबी मारायची. शेवटी त्याच्या डोक्यात खोरं घातलं, आठ टाके पडले, आणि सासरनं मला हाकललं. चुकलं म्हणून सांगत न्हाई. झालं तसं सांगायली.

खालच्या घरात आले तेव्हा मीबी अशीच होते. घर चालवणाऱ्या बाईंना आम्ही अक्का म्हणतो. पहिल्या आठवड्यात मी अक्कांच्या दंडाचा लचका तोडला. त्यांनी हूं की चूं केलं न्हाई. त्या बाईसमोर मला तेव्हापासून मान वर करून बोलता येत न्हाई.

तर ही नवी. असंल पंचवीसची. कोहिनूरच्या फाट्यावर पडलेली होती, पोलिसातल्या एका बाईनं आणून सोडली. एका कानाची पाळी फाटलेली, कुणीतरी फूल ओढून घेतलेलं. दात पाडला त्याच दिवशी दुपारी तिनं माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. दुसऱ्या दिवशी पट्टीचाच फास करून माझ्या गळ्याला आवळला. मी फक्त बोटं मधी घातली आणि मोजत बसले, एक, दोन, तीन. "मार की गं रांडे! मारत कामून न्हाईस?" ती ओरडायची. मी मनात म्हणायची, सोमवार येऊ दे बाई, फक्त सोमवार येऊ दे.

तिसरा दिवस शुक्रवार होता. अक्का कामासाठी बीदरला गेलेल्या. औषध देणारी सिस्टर अकराला यायची, तेव्हा साडेदहा वाजले असतील. आम्ही सहा-सात बाया अंगणात बसलो होतो आणि ही एकदम थरथरायला लागली. मान गोल गोल फिरायला लागली, केस सुटले, घशातून आवाज निघायला लागला. मी ओळखलं. पावडर उतरायली होती. माझं असंच झालं होतं.

पण बाकीच्यांना दिसलं वेगळंच.

"आई आली गं!" कुणीतरी ओरडलं. "शुक्रवारचीच आली बघ!"

बघता बघता हळद-कुंकू आलं, ताटात कापूर पेटला. एकीनं थाळी वाजवायला घेतली. स्वयंपाकाची म्हातारी, तिला आम्ही मावशी म्हणायचो, ती विळी घेऊन धावत आली आणि आमच्यामधली पट्टी कापली. आईला बांधून ठेवतात का, म्हणाली. मी ओरडले, "ए मावशी, आई-बिई कुणी न्हाई! फिट यायलीय तिला! आडवी करा, तोंडात काही घालू नका!"

मावशी वळली. ती गरीब बाई, कधी कुणाला अरे-तुरे करणारी न्हाई. पण म्हणाली, "तू चूप बस. तुला काय कळतंय? तुमच्यात असतंय का हे?"

तुमच्यात. माझ्या आज्यानं धर्म बदलला तेव्हाच आमच्या घरातलं घुमणं-बिमणं बंद झालं. बुद्धाला हात जोडायचे, पोरांना शाळेत घालायचं, बास. त्या एका शब्दानं माझ्या डोक्यात जाळ झाला. पण मी दाबला. दोघींनी माझे दंड धरले होते.

बायांनी प्रश्न इचारायला सुरू केलं. माझा नवरा दुसरी सोडील का. माझी कूस कधी उजवंल. मावशी हात जोडून पुढं बसली. हिला एकुलती एक लेक. पिऊन जावयावर विळा उगारला म्हणून लेकीनंच तिला दारातून काढली होती, नऊ वर्षं झाली. "बया, माझी लेक येईल का गं?" मावशीनं इचारलं.

आणि ती घुमणारी बाई म्हणाली, "येतीय... येतीय..."

ती काय बघून म्हणाली देव जाणे. डोळे पांढरे झाले होते. दुसऱ्या क्षणाला ती लाकडासारखी मागं पडली. डोकं दगडी उंबऱ्यावर आपटलं, रक्त आलं, हातपाय झाडायला लागली, तोंडाला फेस. मावशीला वाटलं आई जायली. तिनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, जबडा उघडला आणि अंगारा कालवलेलं पाणी तोंडात ओतायला लागली. "बया, जाऊ नकोस, अजून एकदा सांग, अजून एकदा!" पोरीचे ओठ काळे पडायले होते. छाती हलेना.

माझे दंड धरलेल्या दोघींना मी कोपरांनी उडवलं. एकीच्या नाकावर बसलं बहुतेक. मावशीच्या हातातून तांब्या सुटेना, तेव्हा मी तिच्या जबड्यावर मूठ हाणली. तांब्या पडला. म्हातारी उताणी झाली. मी पोरीला कुशीवर केलं, तोंडात बोटं घालून अंगाऱ्याचा चिखल काढला, पाठीत गुद्दे घातले. ती माझी बोटं चावायली होती, हाडापर्यंत. मग खाकरली, ओकली, आणि श्वास घेतला. तेवढ्यात सिस्टर आली. रिक्षात घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली.

संध्याकाळी अक्का आल्या. आम्हाला सगळ्यांना गोदामात बसवलं. मावशीचा गाल सुजून डोळा बंद झाला होता. अक्कांनी इचारलं, "मावशी, कुणी मारलं?"

मावशी म्हणाली, "पाय घसरला माझा. चुलीवर पडले."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं, त्या काय दूधखुळ्या होत्या? पण म्हणाल्या, "एखाद्या वेळेस जीव वाचवायला हात उचलावा लागतोय. तेवढं मलाबी कळतंय. सोमवारी सामान बांध."

झालं होतं. मी फक्त 'हो अक्का' म्हणायचं होतं. खोली मला डोळ्यापुढं दिसायली होती, कडी सुद्धा. आणि तोंडातून भलतंच निघालं.

"अक्का, मी मारलं. तीन मुठी मारल्या."

"तीन?"

"पहिली मूठ तांब्या सुटावा म्हणून. ती पडल्यावर अजून दोन मारल्या. आधी मारल्या, मग पोरीकडं वळले. ती 'तुमच्यात' म्हणाली होती म्हणून. आणि अक्का, मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. शिंदीचा पहिला घोट पोटात गेल्यावर वाटतंय तसं."

पोरीचा श्वास कोंडला होता आणि मी म्हातारीला मारत बसले होते. दोन मुठींना असा किती वेळ लागतोय? पण तेवढा वेळ मी तिला मरू दिलं. हे मी कुणाला सांगितलं नसतं तर वरच्या खोलीत कडी लावून त्या गोष्टीसोबत बसले असते.

अक्का रागावल्या न्हाईत. "मग अजून सहा महिने खालीच राहा," एवढंच म्हणाल्या. सोमवारी माझी खोली दुसरीला दिली. ती जाताना मी तिचं गाठोडं रस्त्यापर्यंत नेलं आणि परत येऊन मोरी घासत बसले. रडले-बिडले न्हाई.

दुपारी चुलीपुढं गेले. मावशी भाकरी थापत होती. तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मी लाकडं सारत बसले तेव्हा तिनंच तोंड उघडलं.

"मी खोटं बोलले होते ना तुझ्यासाठी. कामून सांगितलीस गं?"

"तुला मारलं होतं म्हणून."

ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "ती आई नव्हती, व्हय ना?"

"नव्हती मावशी. पावडर होती."

"मला ठाऊक होतं. मी काय कधी पिले न्हाई? मलाबी असंच होत होतं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "पण 'येतीय' म्हणाली ना. नऊ वर्षांत कुणी खोटंसुद्धा म्हणलं न्हाई मला. अजून एकदा ऐकायचं होतं, दुसरं काही न्हाई."

तिचा गाल अजून निळा होता. मी सरकून जवळ बसले आणि त्या गालावरून फिरवायला हात पुढं केला. म्हातारी दचकून मागं सरली आणि तिनं कोपर तोंडापुढं धरलं.