वॉशरकाकांची फुलं सुकेनात

वॉशरकाकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायला कुणी थांबत नाही. नळ गळो, टाकी भरेनाशी होवो, गिझर गुरगुरो, काका आधी कान लावून ऐकणार आणि मग डॉक्टरसारखा चेहरा करून निकाल देणार, "वॉशर गेलाय." एकदा खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं शिलाई मशीन अडलं, तेव्हाही त्यांच्या तोंडून हेच निघालं. तेव्हापासून सगळा जिना त्यांना वॉशरकाकाच म्हणतो.

उभा जन्म पाइप, पाना आणि ओल्या भिंती यांच्यात गेला. ज्या गुडघ्यांवर बसून लोकांच्या मोऱ्या मोकळ्या केल्या, त्यांतला एक गुडघा शेवटी संपावर गेला. त्याचं ऑपरेशन झालं आणि काका घरी बसले. मुलगा ट्रक घेऊन सदा बाहेरगावी, त्यामुळे घरात काका आणि सूनबाई अशी दोघंच. सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला. ती कामावर निघाली की काका खुर्चीत बसून घरातले सगळे आवाज ऐकत. वरच्यांनी फ्लश ओढला की मान हलवत, शेजारी कुणी बेसिनचा नळ आवळून बंद केला की कळवळत.

अशात एके दिवशी ताई आली, आणि जिन्यातली सगळी दारं आपोआप किलकिली झाली.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. तिचं नि काकांचं बोलणं बंद होतं, आणि कारण ऐकलंत तर हसाल. ताईच्या न्हाणीघरातला पाइप फुटला होता. तिने हक्काने भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, "निघालोच." आता हे 'निघालोच' काय असतं ते सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. काका ते टपरीवर चहाची बशी तोंडाला लावून म्हणतात. ताईचं पाणी बैठकीच्या खोलीत शिरलं तरी भाऊ निघालेलाच होता. शेवटी तिने दुसरा प्लंबर बोलावला. काका पाना घेऊन पोचले तेव्हा तो परका माणूस ताईच्या मोरीत वाकून काम करत होता. झालं! काका तसेच पाठमोरे फिरले. सख्ख्या बहिणीने परक्याचा पाना घरात घेतला, हा घाव काही भरून येईना. वर्षं गेली. लग्नकार्यात दोघं दोन टोकांना बसत आणि कॉमन नातेवाइकांमार्फत एकमेकांना टोमणे पोचवत.

तर ती ताई गुडघ्याच्या निमित्ताने आली. हातात फुलांचा हा मोठा गुच्छ. लाल गुलाब, केशरी जर्बेरा आणि पिवळी शेवंती. खुर्चीच्या कडेवर टेकली, गुडघा पाहिला, पाणी प्यायली. दोघांचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नाही. निघताना मात्र तिला राहवलं नाही.

"तुझ्या हातात ही फुलं काही टिकायची नाहीत," ती म्हणाली. "सुकली की फोन कर. दुसरी घेऊन येईन."

काकांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. माझ्या हातात टिकायची नाहीत? माझ्या?

ताईची पावलं जिन्यावरून उतरताच त्यांनी गुच्छ सोडला. दांडे जरा खालून कापले, तर कापल्या जागी ओल आली आणि टेबलावर थेंब पडले. गळती! हात आपोआप हत्यारांच्या पेटीकडे गेला. नळाच्या आट्यांवर गुंडाळायची ती पांढरी टेफ्लॉन टेप घेऊन काकांनी एकेका दांड्याचं टोक नीट तीन-चार वेढे देऊन बंद केलं, ओढून पाहिलं, खात्री केली आणि सगळी फुलं पाण्याने भरलेल्या काचेच्या जगमध्ये उभी केली. थेंब नाही की काही नाही. काम असावं तर असं.

संध्याकाळी सूनबाई आली तेव्हा सगळी फुलं शाळेत शिक्षा झाल्यासारखी माना खाली घालून उभी होती.

"बाबा, ह्यांना झालं काय?"

"वॉशर..." काका म्हणाले आणि थांबले.

सूनबाईने एक गुलाब वर उचलला. टोकाची पट्टी पाहिली. सासऱ्यांकडे पाहिलं. हसू दाबायला तिला पदर नव्हता, म्हणून तिने तोंडावर पर्स धरली.

"बाबा, अहो, ते तिथूनच पाणी पितात! तुम्ही तोंडं शिवलीत त्यांची!"

काकांनी दांडा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ही बाजू इनलेट आहे होय. मी आउटलेट समजलो."

बस, त्या एका वाक्याने काकांची गाडी रुळावर आली. फूल म्हणजे वरच्या मजल्यावरचं गिऱ्हाईक आणि दांडा म्हणजे चढती लाइन. मग काय, आयुष्यभर केलं तेच करायचं! सूनबाईने दुकानाशेजारच्या फुलवाल्याला विचारून आणलं की दांडे पाण्याच्या आत धरून कापावेत. का, ते त्याला सांगता आलं नव्हतं. काकांनी मांडीवर चापट मारली. "का म्हणजे? बाहेर कापलं की लाइनमध्ये हवा शिरते. हवा अडकली की वर पाणी चढेल कसं?" बादली आली. बादलीत हात घालून काकांनी सगळे दांडे नव्याने कापले. रात्रीतून बऱ्याच माना वर आल्या. दोन-तीन जर्बेरा मात्र गेले ते गेलेच. त्यांचं काकांनी कुणाजवळ नाव काढलं नाही.

मग फुलांची व्यवस्था लागली. पाण्यात बुडणारी पानं काकांनी खुडून टाकली, कारण ती कुजतात आणि लाइन तुंबते. पाणी रोज बदलायचं, जग साबण लावून आतून घासायचा, हात फिरवून बुळबुळ राहिली नाही ना ते बघायचं. उन्हाची खिडकी बंद, डोक्यावरचा पंखा बंद. सूनबाई घामाने निथळली तरी चालेल, पण शेवंतीला वारं लागता कामा नये. टेबलावरची केळी आणि सफरचंदं फुलवाल्याच्या सल्ल्यावरून कपाटात गेली, कारण पिकत्या फळांशेजारी फुलं लवकर मान टाकतात म्हणे. आणि एक-दोन दिवसांआड दांडे पुन्हा थोडे छाटायचे, म्हणजे पाणी ओढणारं तोंड ताजं राहतं.

शिंपीणबाई वर आल्या त्या सल्ला घेऊनच. "काका, पाण्यात डोकेदुखीची गोळी टाका."

"का? त्यांचं डोकं दुखतंय?"

"आमच्या जावेने टाकली होती."

"मग टिकली फुलं?"

"फुलं नाही टिकली. पण तिने पाहुण्यांना सांगितलं तरी की गोळी टाकलीय."

दिवस जात होते. जर्बेऱ्यांनी एकेक करून रजा घेतली, मग गुलाबांच्या पाकळ्या कडेने काळपटल्या. शेवंती मात्र हटेना. छाटून छाटून दांडे आखूड झाले, तशी ती जगमधून बरणीत आली, बरणीतून पेल्यात, पेल्यातून चहाच्या कपात. कपावर पिवळ्या फुलांचा घुमट. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला खुर्चीतून हाक मारून दाखवत. "बघा. आमच्या ताईला वाटलं होतं, टिकायची नाहीत."

"मग त्यांना दाखवा की बोलावून," शिंपीणबाई म्हणाल्या.

"येईल ना ती. म्हणालीय येते."

"कधी?"

"फुलं सुकली की."

बोलून झाल्यावर काकांचं तोंड उघडंच राहिलं. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात चिमटा हातात धरून उभी होती.

"आणि बाबा," ती म्हणाली, "ही सुकणार कधी?"

शिंपीणबाईंना एकदम खाली दूध उतू जात असल्याची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी ठरवलं, आज पाणी बदलायचं नाही. आपोआप काय व्हायचं ते होऊ दे. पेपर उघडला. पेपरावरून कपाकडे बघितलं. पेपर उलटा केला. कपातलं पाणी जरा गढूळ दिसत होतं. गुडघा ठणकतोय म्हणून उठायचं नाही, असं स्वतःला बजावलं आणि त्याच गुडघ्यावर उठून कप घासून आणला. हातून वाईट काम होत नाही, ही एरवी मिरवायची गोष्ट. त्या दिवशी काकांना तिचाच राग आला.

मग राहिला फोन. 'सुकली गं' म्हणून सांगायला काय जात होतं? गिऱ्हाइकांना ते जन्मभर थापा मारत आले होते. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी लावला.

"सुकली का?" ताईने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

काकांच्या जिभेवर 'हो' येऊन बसलं होतं. पण 'निघालोच'सुद्धा असंच जिभेवर येऊन बसलं होतं, आणि त्याची किंमत त्यांनी चांगली मोजली होती.

"नाही," ते म्हणाले. "सुकली नाहीत."

"एकही नाही?"

"शेवंती ताजी आहे. चांगलीच ताजी आहे."

मग ताई म्हणाली, "मग फोन कशाला केलास?"

"ये म्हणायला. सुकली नाहीत, तरी ये. आणि ताई, त्या दिवशी मी निघालो नव्हतो. टपरीवर होतो."

"ते मला तेव्हाच माहीत होतं," ताई म्हणाली. "मागे कपबशांचा खळखळाट चालला होता." तिचा आवाज जरा चिरका झाला. "मेल्या, तुझ्यावर भरवसा ठेवून बसले होते मी! म्हटलं दोन दिवसांत मारशील ती फुलं आणि फोन करशील. इथल्या फुलवाल्याला दुसरा गुच्छ सांगून ठेवलाय, तो रोज विचारतोय, बाई कधी नेणार? आणि तू तिकडे फुलं सांभाळत बसलायस!"

"तूच म्हणालीस टिकायची नाहीत."

"म्हणाले. तू कधी ऐकलंयस माझं?"

त्याच दिवशी दुपारी ताई आली. फुलं घेऊनच आली, कारण ती हट्टाला भावापेक्षा कमी नाही. कपातली शेवंती तिने चष्मा वर करून, चष्मा खाली करून पाहिली आणि बरी आहे म्हणाली. काकांनी बादली मागवली. ताई शेजारी पाटावर बसली आणि पाण्यात दोन्ही हातांनी दांडे धरले. काकांनी कात्री लावली.

"वाकडं कापतोयस," ताई म्हणाली.

"वाकडंच कापायचं असतं."

"हे कुणी सांगितलं?"

"ताई, तू गप बस आणि दांडा हलवू नकोस."

ताई गप्प बसली नाही. पण दांडा तिने घट्ट धरला होता.